जोर मारताना कंबर सोडायची, प्लँक धरताना नाही

प्रश्न असा आला आहे: "वय ४१. कोल्हापुरात गुजरीत दागिने घडवायचं काम करतो, दिवसाचे आठ-नऊ तास खाली मांडी घालून बसणं. विशीपर्यंत तालमीत जायचो, दोनशे जोर सहज निघायचे. दोन महिन्यांपासून मोबाईलवर बघून रोज प्लँक करतोय. तीस सेकंदांनी सुरुवात केली, आता तीन मिनिटांवर आलोय. पण उठताना कंबर धरते आणि माकडहाडाच्या वर दिवसभर ठणकत राहतं. पोटाला मात्र काही ताण जाणवत नाही. चुकतंय कुठं?"

पोटाला ताण जाणवत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. उत्तर त्यातच आहे. प्लँक म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर फळीसारखं सरळ धरणं. तो बरोबर लागला असेल तर पोट वीस सेकंदांत थरथरायला लागतं. तीन मिनिटं काढूनही पोटाला पत्ता नसेल, तर तुमचं वजन पोटानं उचललेलंच नाही. ते कंबरेच्या मणक्यांवर लोंबकळत राहिलं. तुम्ही दमला नाहीत म्हणून तीन मिनिटं झाली नाहीत, कंबर खाली सोडली म्हणून झाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं कोल्हापुरात काम करते. माझ्याकडे पैलवान येतात, शेतकरी येतात, एमआयडीसीतली मुलं येतात, गुजरीतले कारागीरही येतात. तुमची तक्रार नवीन नाही, पण ती या गावात जरा वेगळ्या कारणानं होते. ते कारण आधी सांगते, कारण ते कळलं की निम्मी चूक आपोआप सुटते.

ते कारण म्हणजे जोर. आठवून बघा, वस्ताद काय सांगायचे? "छाती काढ, कंबर सोड." जोर मारताना आपण डोकं खाली घालून पुढं सरकतो, छाती जमिनीलगत नेतो आणि शेवटी छाती वर काढून कंबर खाली सोडतो. त्या क्षणी कंबर कमानीसारखी मागे वाकलेली असते आणि ती वाकायलाच हवी. कुस्तीत पाठ लवचिक लागते, चीत होताना पाठ मातीला लागू न देता वळायला लागतं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं, त्याच्या आधीपासून या गावातल्या तालमी जोर-बैठकांवर शरीरं कमावत आल्या आहेत. मी जोरांच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही. पण तुम्ही वयाच्या दहा-बारा वर्षांपासून विशीपर्यंत लाखभर वेळा शरीराला एकच गोष्ट शिकवली आहे: हात जमिनीवर, पाय मागे, तोंड खाली असलं की कंबर सोडायची. आज वीस वर्षांनी तुम्ही कोपरांवर येता तेव्हा शरीर तेच करतं. ते विसरलेलं नाही.

प्लँकमध्ये याच्या नेमकं उलट करायचं असतं. तिथं पोटाचं काम कंबर वाकवणं नाही, कंबर वाकू न देणं हे आहे. दोन टोकांवर फळी ठेवली की ती मध्ये खाली झुकायला बघते. तुमचं शरीर ही ती फळी, एक टोक कोपरांवर आणि दुसरं पायाच्या बोटांवर. पोटाच्या पुढचा उभा पट्टा, बाजूचे दोन तिरके थर आणि सगळ्यात आतला, कंबरपट्ट्यासारखा आडवा थर, हे सगळे मिळून ती फळी झुकू देत नाहीत. हे थकले किंवा कामालाच लागले नाहीत, की ओटीपोट खाली घसरतं, कंबरेला खळगा पडतो आणि मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात ते एकमेकांवर दाबले जातात. तुमचा ठणका बहुधा तिथलाच आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक भर आहे. कंबरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला चिकटणारा एक जाड स्नायू असतो. मांडी घालून बसलं की तो आखडलेल्या अवस्थेत राहतो, आणि तुम्ही तसे आठ-नऊ तास बसता. मग प्लँकमध्ये पाय सरळ केले की हा आखडलेला स्नायू कंबरेच्या मणक्यांना पुढं, म्हणजे जमिनीकडे ओढतो. पोट सैल आणि पुढून ही ओढ. तीन मिनिटं.

आता करायचं कसं ते सांगते. घाई करू नका, पहिले चार दिवस फक्त हेच करा.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पाय जमिनीवर. एक हात कंबरेखाली घाला. तिथं पोकळी लागेल. आता ओटीपोट थोडं वर वळवा, पट्ट्याचं बक्कल हनुवटीकडे न्यायचं आहे असं समजा. कंबर हळूच हातावर टेकेल. जोरानं रेटू नका, टेकू द्या. ही हालचाल लहान आहे, दोन बोटांएवढी, पण सगळा प्लँक तिच्यावर उभा आहे. दहा वेळा करा, सोडा, परत करा. हे जमल्याशिवाय कोपरांवर येऊ नका.

मग श्वास. तुमच्या कामातलीच गोष्ट सांगते. जुने कारागीर सांधा जोडताना फुंकणीनं ज्योतीवर फुंकर घालायचे, तुम्ही थोरल्यांना तसं करताना पाहिलं असेल. लांब, बारीक, न तुटणारी फुंकर. तशी फुंकर मारत राहा आणि दुसरा हात पोटाच्या बाजूला, बरगडीच्या खाली ठेवा. फुंकर संपत येते तसा हाताखाली पोटाचा घेर आवळत गेलेला लागेल. पोट आत खेचायचं नाही, बाहेरही काढायचं नाही. कुणी पोटात गंमतीनं बुक्की मारणार म्हटल्यावर पोट जसं आपसूक घट्ट होतं, तसं. हीच पकड प्लँकमध्ये हवी. आणि त्या पकडीतच नाकानं छोटा श्वास घेता आला पाहिजे. ज्याला पोट घट्ट ठेवून श्वास घेता येत नाही तो श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

हे दोन्ही जमलं की खाली या. जाड सतरंजी किंवा दुमडलेली चटई घ्या. नुसत्या फरशीवर कोपरं दुखतात आणि कोपरं दुखली की माणूस खांदे वेडेवाकडे करतो. पाय अनवाणी असतील तर फरशीवर मागे सरकतात, म्हणून टाचा भिंतीला टेकतील अशा बेतानं झोपा. ही भिंत पुढं कामाला येणार आहे.

कोपरं बरोबर खांद्यांच्या खाली. पुढं गेली तर व्यायाम खूप अवघड होतो, मागे आली तर खांदे कानाला भिडतात. हाताच्या मुठी वळल्या तरी चालतील, तळवे ठेवले तरी चालतील. पण दोन्ही हात एकमेकांत गुंफून त्रिकोण करू नका, त्यानं खांदे आत वळतात. आता कोपरांनी जमीन खाली ढकला, म्हणजे दोन खांद्यांच्या मधली पाठ किंचित वर येईल. बहुतेक लोक इथं खांद्यांच्या मध्ये छाती सोडून देतात, मागून बघितलं तर खांद्यांची पाती पंखांसारखी बाहेर आलेली दिसतात. तसं नको. नजर मुठींच्या मध्ये जमिनीवर. घड्याळ बघायला मान वर करायची नाही. मोबाईल समोर ठेवून सेकंद मोजणाऱ्या निम्म्या लोकांची मान त्यामुळंच दुखते.

मग एक पाय मागे, दुसरा पाय मागे, टाचा भिंतीला. गुडघे ताठ, मांड्या आवळलेल्या. कुल्ले घट्ट आवळा. हे सांगायला लोक लाजतात आणि करायला विसरतात, पण कुल्ले आवळल्याशिवाय ओटीपोट जागेवर राहतच नाही. पाठीवर झोपून केलेलं ते बक्कल हनुवटीकडे न्यायचं काम इथं करा. फुंकर मारा. टाचांनी भिंत मागे ढकला आणि त्याच वेळी कोपरं पायांकडे ओढायचा प्रयत्न करा, जणू खालची सतरंजी दोन्हीकडून गोळा करायची आहे. कोपरं हलणार नाहीत, पण पोटात जे होईल ते तुम्हाला दोन महिन्यांत पहिल्यांदाच जाणवेल.

घरात कुणाला तरी हाक मारा आणि झाडू किंवा मॉपचा सरळ दांडा पाठीवर आडवा नाही, लांबीत ठेवायला सांगा. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन पात्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर. कंबरेपाशी दांडा आणि पाठ यांत जेमतेम तळहात सरकावा. तळहात शिरला नाही तरी चालेल. मूठ शिरली तर कंबर सुटली आहे, खाली टेका. एकटेच असाल तर मोबाईल बाजूला जमिनीवर उभा करून चित्रण घ्या आणि कंबरेवर नजर ठेवून बघा. आपण सरळ आहोत असं आतून वाटणं आणि खरंच सरळ असणं यांत सुरुवातीला फार अंतर असतं.

एक उलटी चूकही सांगून टाकते. कंबर सुटू नये म्हणून काहीजण कुल्ले तंबूसारखे वर काढतात. त्यात कंबर दुखत नाही, पण पोटावरचा भारही निघून जातो. दांडा लगेच चुगली करतो.

मागे माझ्याकडे एक सतरा वर्षांचा पैलवान आला होता. रोज चारशे जोर मारायचा, मान तर अशी की दोन्ही हातांनी धरली तरी हलेना. कंबर दुखते म्हणून आला. मी त्याला प्लँक धरायला सांगितला तर म्हणाला, "मॅडम, ह्यो तर बसून करतोय मी." पाच मिनिटं काढीन म्हणाला. लागला कोपरांवर, आणि कंबर दोरीच्या पाळण्यासारखी खाली. मी त्याच्या पाठीवर दांडा ठेवला, ओटीपोटाखाली दोन बोटं लावून वर वळवलं, कुल्ले आवळायला सांगितले, टाचा भिंतीला लावल्या. आठव्या सेकंदाला मांड्या थरथरायला लागल्या. बाराव्या सेकंदाला घामाचा थेंब नाकावरून सतरंजीवर पडला. अठराव्याला तो खाली टेकला आणि तसाच पडून म्हणाला, "लई कापतंय की अंग." त्याच्यात ताकद कमी नव्हती, फक्त त्या जागी ती कधी वापरली गेली नव्हती. दीड महिन्यानं तो सांगत आला, की समोरचा कंबरेत हात घालून उचलायला बघतो तेव्हा आता जड वाटतो म्हणतात. मला ते ऐकून फार आनंद झाला. कंबर आणि पोट एकजीव झालेला माणूस उचलायला अवघडच जातो.

आता वेळेचं. तीन मिनिटं विसरा. झेक प्रजासत्ताकातल्या जोसेफ शालेक यांनी २०२३ मध्ये ९ तास ३८ मिनिटं ४७ सेकंद प्लँक धरून विक्रम केला. ती वेगळीच तपश्चर्या आहे, तिचा तुमच्या-माझ्या कंबरेच्या तब्येतीशी संबंध नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अनेक वर्षं मणक्यावर संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल कंबरदुखीच्या लोकांना दहा सेकंदांचे छोटे टप्पे सुचवतात, मध्ये सोडायचं आणि परत धरायचं. मी गेली कित्येक वर्षं तेच वापरते आणि माझा अनुभव असा, की लांब प्लँकपेक्षा यातून माणूस लवकर शिकतो. कारण साधं आहे. माणूस दहा सेकंद मन लावून बरोबर धरू शकतो, तीन मिनिटांत पहिल्या वीस सेकंदांनंतर तो फक्त घड्याळ संपायची वाट बघत असतो.

तुम्ही सेकंदही मोजू नका, श्वास मोजा. तीन लांब फुंकरी म्हणजे साधारण दहा ते पंधरा सेकंद. तीन फुंकरी, गुडघे टेका, दोन श्वास विसावा, परत तीन फुंकरी. असं सहा वेळा. एवढंच. दिवसाआड केलं तरी पुरे. फुंकर तुटायला लागली किंवा दांडा सुटला, तर त्या दिवसाचा व्यायाम संपला, मग चार वेळा झालं असेल तरी. दोन आठवडे दांडा कुठंही न सुटता गेले तर फुंकरी चार करा. पाचाच्या वर नेण्याची गरज मला तरी कधी वाटली नाही. त्यानंतर वेळ वाढवण्यापेक्षा काम अवघड करावं: कोपरं चार बोटं पुढं न्यावीत, किंवा एक पाय वीतभर उचलून ओटीपोट अजिबात न तिरकं होऊ देता धरावं.

आणि हे आत्ता झेपलं नाही तर कमीपणा मानू नका. तुमची कंबर आत्ता दुखरी आहे, म्हणून मी तर म्हणेन पहिला आठवडा उभ्यानंच करा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोपरं टेकवा, पाय मागे न्या, शरीर तिरकं पण सरळ, बाकी सगळं तेच: कुल्ले, बक्कल, फुंकर. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जात असाल तर तिथल्या कट्ट्यावर हात टेकवूनही होतं. माझ्याकडे एक पासष्टीच्या काकी येतात, त्या दूध तापेपर्यंत ओट्यावर चार वेळा धरतात. पुढचा टप्पा गुडघ्यांवरचा. तिथं एक लक्षात ठेवा, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेघ हवी. घोडा-घोडा खेळताना होतो तसं चार पायांवर उभं राहणं म्हणजे गुडघ्यावरचा प्लँक नव्हे.

नुसता प्लँक पुरेसाही नाही. तो फक्त पुढची बाजू सांभाळतो. एका कोपरावर कुशीचा प्लँक बाजूचे स्नायू धरतो, सुरुवातीला गुडघे दुमडून करा. आणि हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढं, डावा पाय मागे लांबवणं, मग उलट, हे पाठीच्या लहान स्नायूंसाठी. तेही दहा सेकंदांच्या आतच, तेही कंबर न हलवता. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे असं समजून करा. पोटाचा घेर कमी होईल का, हे सगळेच विचारतात. नाही. पोटाच्या व्यायामानं पोटावरची चरबी वेगळी जळत नाही, त्याला जेवण आणि चालणं.

जेवणानंतर दोन-तीन तास यातलं काही करू नका, रविवारच्या मटणाच्या जेवणानंतर तर नाहीच.

काही गोष्टींत मात्र मला इथून सल्ला देता येणार नाही, प्रत्यक्ष दाखवायला लागेल. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खोकल्यावर कळ मारत असेल, तर प्लँक थांबवा आणि तपासून घ्या. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला, जांघेच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा, व्यायामाचा विचारही नको. हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाळंतपणानंतर ज्या बाया हे वाचून करू बघतील त्यांना सांगते: प्लँक धरल्यावर बेंबीच्या वर-खाली मधोमध उंचवटा उभा राहत असेल तर अजून वेळ आलेली नाही. आधी श्वासाचं आणि पाठीवर झोपून करायचं काम करा.

तुमचा दुखणारा वेळ खरं तर प्लँकची ती तीन मिनिटं नाहीत, गुजरीतले आठ तास आहेत. अर्ध्या-पाऊण तासानं उठा. एक गुडघा गादीवर टेकवून दुसरा पाय पुढं ठेवा, मागच्या बाजूचा कुल्ला आवळा, म्हणजे त्याच बाजूच्या जांघेत ओढ लागेल. कंबर मागे वाकवायची नाही, फक्त ती ओढ. तीन फुंकरी या बाजूनं, तीन त्या बाजूनं. शेजारचे कारागीर दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलाही एखादा उठेल, असं मी पाहिलं आहे.

आणि जोर? तुम्ही विचारलं नाहीत, पण तालमीतला माणूस ते मनात ठेवतोच. सोडू नका. सध्या दुखतंय तोवर महिनाभर थांबा. ठणका गेला की दहापासून सुरू करा, आधी प्लँकचे सहा टप्पे आणि मग जोर. पण एक बदल करा. प्रत्येक जोर सुरू करायच्या आधी हात सरळ, पाय मागे अशा स्थितीत एक फुंकर थांबा, कुल्ले आवळा, बक्कल वर घ्या. मग पुढं सरका आणि शेवटी कंबर सोडा, पण ती पडू देऊ नका, पोटानं धरून हळूहळू खाली न्या. परत वर येताना आधी ओटीपोट वळवा, मग कुल्ले उचला. दहा जोरांना पूर्वीच्या पन्नासाइतका वेळ लागेल. लागू द्या.